शिखरांची यादी आणि परतीची वाट

डोंगर चढायचा तर चढावा, पण त्याची यादी कशाला, असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. स्कॉटलंडमध्ये हजारो माणसं अशी यादी खिशात घेऊन हिंडतात. तिची हकीकत ऐका.

ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थांनी १८९१ साली तिथल्या तीन हजार फुटांवरच्या डोंगरांची यादी छापली. भरले २८३. तेव्हापासून अशा डोंगराला ‘मन्रो’च म्हणू लागले. रॉबर्टसन नावाच्या पाद्र्यानं १९०१ साली सगळी यादी पुरी केली असं मानतात. खुद्द मन्रो मात्र १९१९ साली वारले, तेव्हा त्यांची यादी अपुरीच होती!

आज यादीत २८२ डोंगर आहेत. २००९ साली एक डोंगर पुन्हा मोजला, तो सुमारे तीन फूट कमी भरला आणि यादीतून गेला. डोंगर होता तिथंच आहे बरं का. बदलली ती आपली वही.

यादीचा फायदा असा, की नावाजलेलं शिखर सोडून माणूस आडबाजूच्या डोंगरावरही जातो. पण वर्षभरात सगळी पुरी करायची म्हटली, तर आठवड्याला पाचांहून अधिक शिखरं पडतात. मग धुकं असो की वारा, खूण करण्याची घाई होते. धोका आहे तो इथं.

उंचीवर जाऊ नका. तिथलं सर्वांत उंच बेन नेव्हिस १३४५ मीटर, आपलं कळसूबाई १६४६. पण तिकडे हिवाळ्यात बर्फ असतं आणि दिवस अगदी लहान.

म्हणून तिथल्या नेस्मिथ यांनी १८९२ साली एक सोपा हिशेब सांगितला: तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. समजा, जाऊन-येऊन ९ मैल आणि चढ ३००० फूट. चालण्याचे तीन तास, चढाचा दीड, झाले साडेचार. सकाळी अकराला निघालात तर साडेतीन वाजले. डिसेंबरात उत्तरेकडे तेव्हाच सूर्य मावळतो! विसावा आणि धुकं तर या हिशेबात धरलेलंच नाही. तेव्हा शिखर समोर दिसत असलं, तरी वेळ टळली की मागे फिरावं.

गुरुजींनी मुलांकडून गावच्या टेकडीचा असा हिशेब जरूर करून घ्यावा. वहीत निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ आणि परतल्याची वेळ लिहावी. ‘अर्ध्यातून परतलो, कारण...’ असाही एक रकाना ठेवा. तो भरणाऱ्या मुलाला हसू नका, शाबासकी द्या. टेकडी कुठं जात नाही. मूल मात्र दिवेलागणीला घरी यायला हवं.