हवा, बिजागरी आणि वऱ्हाडचं ऊन

आपल्याकडे एअरगन म्हटलं की नळी मोडून भरायची बंदूक डोळ्यांसमोर येते. नळी खाली वाकवली की आतली स्प्रिंग दबते. चाप ओढला की ती सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि दबलेली हवा छर्रा ढकलते. म्हणजे नळी हीच स्प्रिंग दाबायची तरफ, आणि बिजागरी त्या तरफेसाठी.

आधीच हवा भरून ठेवलेल्या, म्हणजे ‘पीसीपी’ रायफलीत स्प्रिंगचा दट्ट्या नसतो. टाकीत साधारण 200 बार दाबाची हवा असते. हातोडी झडपेवर आपटते, झडप क्षणभर उघडते आणि मोजकी हवा सुटते. जड दट्ट्या धावत नसल्यामुळे हादरा जवळपास नाहीच. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरोला ज्या 10 मीटर एअर रायफल प्रकारात विश्वविजेतेपद मिळवलं, तिथे आज अशाच रायफली चालतात. फक्त त्यांची नळी पक्की बसवलेली असते.

मोडणारी नळी आणि भरलेली हवा यांचा संगम दुर्मीळ आहे, कारण तरफेची गरजच उरलेली नाही. तरी छर्रा अंगठ्याने नीट बसवता येतो, नळी आरपार पाहता येते, बंदूक भरलेली आहे का ते लगेच दिसतं. हे फायदे मला मोठे वाटतात. त्यांची किंमत मात्र सांध्यात मोजावी लागते.

हिशेब करून पाहा. बिजागरीपासून खिट्टी 50 मिलिमीटरवर आहे आणि तिथे 0.01 मिलिमीटर ढिलाई आहे, असं धरू. दुर्बीण मागच्या भागावर बसवलेली असेल, तर 10 मीटरवर छर्रा 2 मिलिमीटर सरकतो. स्पर्धेच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका जेमतेम 0.5 मिलिमीटरचा, आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ 2.5 मिलिमीटरवर. म्हणजे जवळजवळ एक गुण गेला! आपल्या काळ्या मातीच्या धुळीत एवढ्या जाडीचे कण सहज सापडतात. म्हणून नळी मिटण्याआधी सांधा आणि खिट्टी कोरड्या फडक्याने पुसायची. तिथली ओ-रिंग हवा अडवते. ती चपटली वा चिरली की छऱ्याचा वेग कमी-जास्त होऊ लागतो.

आता ऊन. एकेकाळी स्पर्धेच्या रायफली कार्बन डायऑक्साइडवर चालत. हा वायू 31 अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रवरूप राहत नाही. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा त्या टाकीतल्या दाबाचा भरवसा काय धरायचा? साधी हवा जास्त समजूतदार आहे, पण तापते तीही. सकाळी 28 अंशांना 200 बार भरलेली टाकी बंद गाडीत 60 अंशांवर पोचली तर दाब 220 च्या वर जातो. उन्हाळ्यात टाकी काठोकाठ भरू नये आणि गाडीत तर ठेवूच नये.

पावसाळ्याचा त्रास वेगळा. दमट हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होते. 200 मिलिलिटरच्या टाकीसाठी जवळपास 40 लिटर हवा लागते. 30 अंशांच्या अगदी दमट हवेत तेवढ्यात एक ग्रॅमहून जास्त पाणी असतं. ते आत गेलं की झडप गंजते. म्हणून पंपाला सिलिका जेलची गाळणी हवीच, आणि भरणं सावकाश, थांबत थांबत.

वंगण म्हणून सिलिकॉन ग्रीस वापरावं. खनिज तेल दाबाखालच्या हवेत पेटू शकतं. वेल्डिंगच्या किंवा दवाखान्याच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन भरणं तर स्फोटाला आमंत्रण. टाकीवर छापलेली मुदतही पाहावी. स्पर्धेच्या टाक्यांना ती सहसा दहा वर्षांची असते.

कायद्याने 20 जूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या किंवा 4.5 मिलिमीटरहून मोठ्या व्यासाच्या एअरगनला परवाना लागतो. पक्षी मारायला तर कोणतीही बंदूक उचलायची नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा मेळघाटात लागू आहे तसाच शेताच्या धुऱ्यावरही.

ठेवताना छर्रा काढलेला असावा. टाकी मात्र रिकामी करू नये, कारण आतला दाबच झडप जागेवर घट्ट बसवून ठेवतो.