नर्सरीतला पाम, डोंगरातला नेचा

पळस्पे फाटा मागे टाकून गाडी पेणच्या दिशेला लागली की मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेने शेडनेटखाली मांडलेली झाडे दिसू लागतात. शिरढोण म्हटले की वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म आठवावा, पण शनिवार-रविवारी इकडे येणाऱ्या पुष्कळांना आठवतो तो आपला प्लॉट आणि त्यात लावायचे पाम. कोणाला लंडनमध्ये भावाच्या अंगणात पाहिलेला पंख्यासारखा पाम हवा असतो, तर कोणाला महाबळेश्वरच्या हॉटेलात पाहिलेले नेच्याचे झाड. विकणाराही नाही म्हणत नाही.

‘पाम उष्ण हवेचा आणि नेचा थंड हवेचा’ ही समजूत दोन्ही बाजूंनी अर्धवट आहे. लंडनमधला तो पाम बहुधा ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय असतो. तो मूळचा चीनचा. रॉबर्ट फॉर्च्यूनने 1849 मध्ये तो इंग्लंडला धाडला आणि तिथल्या थंडीत तो निवांत वाढला, कारण शून्याखाली बरेच अंश तो सोसतो. त्याचाच भाऊबंद ट्रॅकिकार्पस टाकिल आपल्या कुमाऊंमध्ये, पिथोरागडजवळच्या डोंगरांत, हिवाळ्यात बर्फ पडते अशा उंचीवर वाढतो. ही झाडे शिरढोणला आणली तर थंडीने मरणार नाहीत, उकाड्याने खंगतील. मे महिन्यात पनवेलला रात्रीसुद्धा हवा उतरत नाही आणि या झाडांना नेमकी गार रात्रच हवी असते. केंटिया पामचेही तेच. लॉर्ड हाऊ या ऑस्ट्रेलियाच्या छोट्या बेटावरचे हे झाड युरोपातल्या दिवाणखान्यांसाठी प्रसिद्ध झाले, महागही विकले जाते, पण आपल्या पडवीत वर्षभर जेमतेम जीव धरून राहते. पंख्यासारखी पानेच हवी असतील तर चायनीज फॅन पाम, म्हणजे लिव्हिस्टोना घ्यावा. कोकणच्या हवेत तो मजेत वाढतो आणि लंडनच्या पामपेक्षा कमी देखणाही नाही.

नेच्याला थंडी लागत नाही. त्याला सावली लागते आणि दमट हवा लागते. अॅक्रोस्टिकम हा पुरुषभर उंचीचा नेचा तर थेट खाडीच्या खारफुटीत, समुद्रसपाटीवर वाढतो. हंसराज पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या भिंतीवर आणि विहिरीच्या आतल्या बाजूला आपणहून उगवतो. शिरढोणहून थोडे पुढे, कर्नाळ्याच्या जंगलात झाडांच्या बुंध्यांवर बाशिंग पाहावे. त्याची पाने दोन तऱ्हेची असतात. लांब हिरवी पाने उन्हाळ्यात गळून जातात, पण तळाची तपकिरी, वाटीसारखी पाने तशीच राहतात. पडलेला पालापाचोळा त्यांत साठतो, कुजतो आणि त्यावर हा नेचा जगतो. घरी आणलेले बाशिंग जानेवारीत तपकिरी पडले की लोक मेले समजून टाकून देतात. ते मेलेले नसते, पावसाची वाट पाहत असते. अर्थात ते रोपवाटिकेतूनच घ्यावे. कर्नाळा 1968 पासून अभयारण्य आहे आणि तिथले पानही उचलून आणायला कायद्याने बंदी आहे.

महाबळेश्वरची हौस भागवणारा वृक्षनेचा मात्र खरोखर गार डोंगराचा. त्याचे खोड म्हणजे बाहेरून बरेचसे मुळांचे वेष्टण, आणि ते सतत ओले राहावे लागते. पावसाळ्याचे चार महिने तो इथे उत्तम दिसतो, त्यामुळे घेणारा खूश असतो. ऑक्टोबरच्या उन्हात पानांच्या कडा करपतात आणि मार्चनंतर नवी पाने उलगडण्याआधीच सुकतात. ‘मग एसीच्या खोलीत ठेवू’ हा उपाय सुचतो, पण एसी हवा गार करताना तिच्यातला ओलावा काढून घेतो. नेच्याला जे हवे तेच तिथे नसते. न्हाणीघराची उजेड येणारी खिडकी त्यापेक्षा बरी.

नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसल्या की कीड आली म्हणून फवारणी करणारे कमी नाहीत. ते बीजाणूंचे पुंजके असतात. नेच्याला फूल नाही, बीही नाही, वंश वाढतो तो यांतूनच. ओळखण्याची खूण सोपी: पुंजके ठरावीक अंतरावर, नक्षीसारखे असतात. खवले कीड वेडीवाकडी पसरलेली असते, नखाने निघते आणि पान चिकट करते.

पाम म्हणून विकले जाणारे सगळे पाम नसतात, ही गोष्ट एरवी वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांवर सोडून दिली असती, पण इथे पैसे जातात. ट्रॅव्हलर्स पाम पाम नाही, पोनीटेल पाम नाही, आणि अॅस्परॅगस फर्न तर शतावरीचा नातेवाईक. सायकसला सॅगो पाम म्हणतात, तोही पाम नाही, आणि आपल्या उपवासाचा साबुदाणा त्याच्यापासून होत नाही. तो टॅपिओकाच्या कंदापासून होतो. सायकसच्या बिया विषारी असतात, कुत्र्याने चघळल्या तर त्याचे यकृत निकामी होऊ शकते. घरात कुत्रा असेल तर हे झाड फाटकाजवळ नको. आणखी एक गोंधळ बॉटल पामचा. आपल्याकडे त्या नावाने बहुतेकदा रॉयल पाम मिळतो, मूळचा क्यूबाचा, वीस मीटरच्या पुढे जाणारा, जड झावळ्या वरून सोडणारा. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा, बुटका आणि तळाशी फुगीर. विजेच्या तारेखाली खड्डा खणायच्या आधी आपल्या हातात यांतला कोणता आहे ते विचारून घ्यावे.

‘हवा शुद्ध करतो’ ही पाटी लावून अरेका पाम खपतो. बंद पेटीत झाडे ठेवून केलेल्या प्रयोगांवरून ही कीर्ती पसरली. 2019 मध्ये अशा अभ्यासांचा पुन्हा हिशेब मांडला गेला, तेव्हा नेहमीच्या वायुवीजनाइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील असे निघाले. त्या खोलीत माणसाला बसायला जागा उरणार नाही. अरेका सुंदर आहे म्हणून घ्यावा.

सर्वांत जास्त नुकसान होते ते पिवळ्या पानांच्या गैरसमजाने. पामची खालची पाने पिवळी, ठिपकेदार झाली की माळी पहिल्यांदा ती कापतो आणि मग युरिया टाकतो. दोन्ही चूक. रायगडच्या या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो आणि मातीतले पोटॅश व मॅग्नेशियम धुऊन नेतो. जमिनीतून मिळेना, की पाम आपल्या जुन्या पानांतले पोटॅश काढून नव्या पानांना पुरवतो. म्हणजे ती पिवळी पाने ही त्याची शिल्लक असते. ती कापली की तो त्याच्या वरच्या पानांतून काढू लागतो आणि पिवळेपणा एकेक पायरी वर चढतो. युरियाने वाढ जोर धरते, पोटॅशची गरज वाढते, तूट आणखी खोल जाते. म्युरेट ऑफ पोटॅश आणि मॅग्नेशियम सल्फेट थोडे थोडे, अनेक हप्त्यांत द्यावे, भर पावसात एकदम नाही. पिवळे झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही. सुधारणा दिसते ती नव्या पानांत, आणि तिला वर्ष-दीड वर्ष लागू शकते. खालचे नाही, तर शेंड्याचे कोवळे पान आखडून, करपून येत असेल तर मँगनीज कमी आहे आणि ते जास्त गंभीर.

पावसाळ्याआधी पामची छाटणी करून त्याचा केरसुणीसारखा झुपका ठेवण्याची सोसायट्यांची पद्धत याच रोगाला आमंत्रण देते. नारळाचा बागायतदार हिरवी झावळ उगाच तोडत नाही. शोभेच्या पामला वेगळा न्याय का? शेंडा छाटला की फांद्या फुटतील ही आशाही सोडावी. एकखोडी पामला वाढीचा कोंब एकच. तो गेला की झाड गेले. फांद्या फुटणारा पाम जगात आहे, दीवच्या किनाऱ्यावर हायफीने नावाचा दिसतो, पण तो छाटल्यामुळे फुटत नाही.

परदेशीच हवे असा हट्ट नसेल तर भेरली माड आहे. कोकणातलाच, माशाच्या शेपटीसारख्या पानांचा. त्याच्याबद्दलचा गैरसमज रोगाचा. तो मोठा झाल्यावर वरून खाली क्रमाने फुलोरे काढतो आणि शेवटचा, सर्वांत खालचा फुलोरा संपला की वाळतो. औषध शोधू नये, त्याचे आयुष्यच तसे. फळांचा रस अंगाला लागला तर खाज सुटते, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून तो दूर लावावा.

विकत आणलेला पाम फक्त आपला प्रश्न आहे, असे घेणारा धरून चालतो. तसे नाही. रोपांचे ट्रक आंध्रातल्या कडियमसारख्या दूरच्या रोपवाटिकांतून येतात आणि त्यांच्याबरोबर कीडही प्रवास करते. रुगोज चक्राकार पांढरी माशी भारतात 2016 मध्ये प्रथम दक्षिणेत आढळली, नंतर इतरत्र पसरली. तिला शोभेचा पाम आणि शेजाऱ्याचा नारळ सारखेच. म्हणून घेताना पान उलटे करावे. मागे मेणचट पांढरी गोल गोल नक्षी असेल तर ते रोप तिथेच ठेवावे. आणल्यावरही दोन-तीन आठवडे ते नारळापासून लांब ठेवावे. पंख्यासारखी कातरलेली झावळ गेंड्या भुंग्याची खूण, आणि हा भुंगा अंडी घालतो शेणखतात. नव्या पामला ताकद मिळावी म्हणून बुंध्याशी ओतलेला न कुजलेल्या शेणाचा ढीग आधी उचलावा. शंका राहिली तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे किंवा रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ आहेत. त्यांना दाखवायला रोगट पानाचा तुकडा बंद पिशवीत न्यावा, अख्खे रोप नाही.