समुद्रापार नेलेले देव



मीं तीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविला. ब्राझील देश आला, कीं फळ्यावर 'ऊंस, कापूस, कॉफी' असें लिहावयाचें आणि पुढच्या देशाकडे वळावयाचें, असा माझा परिपाठ होता. तो ऊंस कोणीं लावला, हें मीं एकाही विद्यार्थ्याला सांगितलें नाहीं. मलाच तें फारसें ठाऊक नव्हतें. अलीकडे एका विद्यापीठांतील सायंकाळच्या व्याख्यानाला जाऊन बसलों, तेव्हां ही उणीव ध्यानीं आली. विषय होता आफ्रिकेंतून परदेशीं नेलेल्या लोकांचा इतिहास व धर्म. शेवटीं एका विद्यार्थिनीनें विचारलें, "ह्या लोकांनीं आपले देव लपविले, कीं बदलले?" त्या प्रश्नामुळें जें वाचन घडलें, तें आज आपणांपुढें ठेवतों.

सोळाव्या शतकाच्या आरंभापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सुमारें १ कोटि २५ लाख माणसें आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबलीं गेलीं. त्यांपैकीं सुमारें १८ लाख वाटेंतच मेलीं. एकट्या ब्राझीलमध्यें सुमारें ४८ लाख उतरविलीं गेलीं. तेथील बाहिया प्रांतांतील साल्वादोर हें बंदर ह्या व्यापाराचें एक मोठें ठाणें होतें. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथें योरुबा लोक मोठ्या संख्येनें येऊं लागले. आजच्या नायजेरिया व बेनिन ह्या देशांत त्यांची वस्ती आहे. त्यांचें ओयो राज्य कलहानें मोडलें होतें आणि लढायांत धरलेले कैदी विकले जात होते.

योरुबा लोक आपल्या देवतांना 'ओरिशा' म्हणतात. मायदेशीं बहुतेक ओरिशांचें नातें एखाद्या नगराशीं वा कुळाशीं असे. गुलामांच्या बाजारांत तें कूळच फुटलें. आई एका मळ्यावर, तर मूल दुसऱ्या मळ्यावर. मग कुलदेवता पुजावयाची कोणीं? बाहियांतील लोकांनीं ह्यावर जो मार्ग काढला, त्याचें नांव 'कांदोंब्ले'. निरनिराळ्या नगरांच्या देवता त्यांनीं एकाच अंगणांत बसविल्या आणि त्या अंगणांत नवें कुटुंब मांडलें. तेथील मुख्य उपासिकेला 'आई' म्हणावयाचें, दीक्षा घेणाऱ्या त्या तिच्या लेकी, आणि बरोबर दीक्षा घेणारीं तीं भावंडें. तीन ढोल वाजतात, योरुबा भाषेंतील गाणीं होतात आणि दीक्षितांच्या अंगीं देवतेचा संचार होतो. ह्या धर्माला ग्रंथ नाहीं. सारें आईच्या तोंडून लेकीच्या कानीं गेलें.

पोर्तुगीज अमलांत गुलामांना बाप्तिस्मा देण्यांत येई. तेव्हां ओरिशा संतांच्या सावलींत उभ्या राहिल्या. वादळ व वीज ह्यांची देवता यांसां. तिची सांगड संत बार्बराशीं पडली, कारण विजेपासून रक्षण व्हावें म्हणून ख्रिस्ती लोक तिचाच धांवा करीत. शुभ्र वस्त्रांचा देव ओशाला. त्याची सांगड बोंफिं येथील देवालयांतील ख्रिस्ताशीं. दर जानेवारींत शुभ्र वस्त्रें नेसलेल्या स्त्रिया त्या देवालयाच्या पायऱ्या सुगंधी पाण्यानें धुतात. कोणाच्या मनांत ख्रिस्त असतो, कोणाच्या ओशाला, आणि कित्येकींच्या दोघेही. शिवाय काळ्या लोकांचीं बंधुमंडळें ख्रिस्ती देवालयांच्याच आश्रयानें उभीं राहिलीं. तीं मृतांचें दफन करीत आणि पैसा जमवून एखाद्या सभासदाचें स्वातंत्र्य विकत घेत. म्हणून त्या देवालयाला केवळ मुखवटा म्हणतां येत नाहीं.

१३ मे १८८८ रोजीं गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. परंतु १८९० च्या दंडविधानानें जादूटोणा हा गुन्हा ठरविला, आणि त्याचा आधार घेऊन पोलिस अंगणांवर धाडी घालीत व ढोल उचलून नेत. बाहियांत पूजेसाठीं पोलिसांत नोंद करावी लागे. ती अट १९७६ सालीं उठली. पुढें १९८४ सालीं 'कासा ब्रांका' नांवाच्या जुन्या अंगणाला राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षण देण्याचा निर्णय सरकारनेंच घेतला.

त्याआधीं एक वर्ष, १९८३ सालीं, साल्वादोरच्या पांच प्रमुख उपासिकांनीं जाहीर केलें होतें कीं, ओरिशा म्हणजे संत नव्हेत. हें मिश्रण आतां सोडावें. स्तेला दे ओशोसी (१९२५–२०१८) ह्या त्यांत अग्रणी होत्या. गुलामगिरींत जें निरुपायानें केलें, तें स्वातंत्र्यांत कशाला, असा त्यांचा रोख होता. सर्वांना हें पटलें नाहीं. ज्या संताच्या तसबिरीपुढें आजीनें आयुष्यभर दिवा लावला, ती भिंतीवरून उतरवावयाची कशी, असें वाटणारेही पुष्कळ आहेत.

त्या विद्यार्थिनीला मी एवढेंच सांगेन: भीतीपोटीं देव लपविले, हें खरें, सहवासानें ते थोडे बदलले, हेंही खरें. पण त्या देवांच्या निमित्तानें आईवेगळ्या लोकांना पुन्हां आई मिळाली, ही गोष्ट मला ह्या दोहोंपेक्षां मोठी वाटते. आणि आज जे शिक्षक ब्राझीलचा धडा शिकवीत असतील, त्यांना माझी विनंति आहे: फळ्यावर 'ऊंस' हा शब्द लिहाल, तेव्हां तो लावणारांचें नांवही शेजारीं लिहा. माझ्याकडून तें राहून गेलें.