मूळ तुटलं म्हणून रोप मरत नाही



आमच्या कांदिवलीच्या शाळेत मुलं दरवर्षी कापसावर मूग रुजवतात. यंदा एक मुलगी रडवेली होऊन आली, "बाई, कापसातून काढताना मूळच तुटलं. माझं रोप मेलं!" घरून सल्ला मिळाला होता, गुपचूप दुसरा मूग ठेव. मी म्हटलं, "थांब, हेच रोप पाण्यात ठेवूया."

आधी मूळ तयार कसं होतं ते पाहू. भिजलेल्या बीमधून सर्वांत आधी मूलांकुर बाहेर येतो. त्याच्या टोकाजवळच्या पेशींचं सतत विभाजन होतं, म्हणून मूळ टोकाकडे वाढतं. मूलटोपी या नाजूक भागाचं रक्षण करते. थोडं मागे असलेले मूलरोम पाणी शोषतात. उपमुळं मात्र मुळाच्या आतल्या थरातून निघतात आणि वरचं आवरण भेदून बाहेर पडतात.

मग मूळ तुटलं तर? नुसतं टोक गेलं, तर उरलेल्या मुळातून उपमुळं फुटतात. पूर्ण मूळ गेलं, तरी मुगाच्या कोवळ्या खोडातून नवी मुळं येतात. त्यांना आगंतुक मुळं म्हणतात. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरून कापलेल्या टोकाजवळ साठतं. त्यामुळे तिथल्या काही पेशी पुन्हा विभागू लागतात आणि मूळ घडवतात.

कोकणात भाताची लावणी पाहिलेल्यांना हे नवं नाही. रोपं उपटताना मुळं तुटतातच. लावल्यावर काही दिवस ती पिवळी, मलूल दिसतात. मग खोडाच्या तळाकडच्या पेरांतून नवी मुळं फुटतात आणि शेत हिरवंगार होतं.

घरी करून बघा. आठवडाभर वाढलेली मुगाची चार रोपं घ्या. मुळं मोठ्यांनीच कापावीत. दोन रोपांचा शेंडा आणि पानं तशीच ठेवा, दोघांची काढून टाका. खोडाची टोकं पाण्यात बुडवून ठेवा. पाणी रोज बदला, कडक ऊन टाळा. आठवड्याने मुळं मोजा. पानं असलेल्या रोपांना जास्त मुळं दिसतील. का, ते लगेच सांगू नका, आधी मुलांना विचारा.

आमच्या त्या रोपाला सहाव्या दिवशी खोडावर पांढरे ठिपके आले, मग मुळं. दुसरा मूग ठेवला असता तर प्रकल्प वेळेत झाला असता, पण हे बघायला मिळालं नसतं. म्हणून पालकहो, प्रकल्प बिघडला तर तो बदलून देऊ नका, चार दिवस थांबा.