चित्रांची वाट आणि वाटेवरील गर्दी

सन २०२० च्या मार्च महिन्याच्या २४ तारखेस देशात टाळेबंदी जाहीर झाली. त्याच दिवशी चित्रपट व मालिका दाखविणाऱ्या प्रमुख कंपन्यांनी ठरविले की, १४ एप्रिलपर्यंत मोबाइलच्या जाळ्यावरून ४८० रेषांहून अधिक बारकाव्याचे चित्र धाडावयाचे नाही. पुढे शाळाही त्याच वाटेने भरू लागली. सुरतेतील कित्येक घरांत एका मोबाइलवर दोन-तीन भावंडे शिकत. चित्र अंधुक झाले की आपण यंत्रास दूषण देतो. आम्हांस मात्र त्या अंधुकपणात शहाणपण दिसते.

इंटरनेटवरून चित्र अखंड वाहत येत नाही. त्याची हजारो लहान पार्सले होतात. आपल्या रिंगरोडवरील कापडबाजार डोळ्यांपुढे आणा. वळणावर टेम्पो तुंबले, पोच मिळेना, म्हणून व्यापाऱ्याने तोच माल दुसऱ्या टेम्पोतून पुन्हा धाडला तर काय होईल? कोंडी दुणावेल. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात नेमके हेच घडले. बर्कली येथील विद्यापीठ व लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांत अंतर अवघे चारशे यार्ड. पण सेकंदास ३२,००० बिटांचा वेग ४० वर उतरला! व्हॅन जेकबसन यांनी कारण शोधून १९८८ साली उपाय मांडला: पोच न आल्यास धाडणाऱ्याने आपला भार तत्काळ घटवावा आणि मग हळूहळू वाढवावा. या रस्त्यावर पोलीस उभा नाही. आवर ज्याचा त्यानेच घालावयाचा.

चित्राची गोष्ट याहून नाजूक आहे. जागा वाचावी म्हणून संपूर्ण चित्र क्वचितच धाडतात. एरव्ही केवळ बदललेला भाग. या संक्षेपामागील एक गणिती युक्ती बंगळूरला जन्मलेल्या नासिर अहमद यांनी दोन सहकाऱ्यांसह १९७४ साली प्रसिद्ध केली. परंतु संक्षेपात प्रत्येक कणाला मोल येते. एक पार्सल हरवले, तर पुढचे संपूर्ण चित्र येईतो मधली सारी चित्रे विस्कटू शकतात.

म्हणून चित्रफितीचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा निरनिराळ्या प्रतींत तयार ठेवतात. मागचा तुकडा किती वेळात आला हे मोजून मोबाइल पुढचा त्या मानाने जड वा हलका मागतो, शिवाय थोडा साठा आधीच करून ठेवतो. आमच्या कोकणी घरी पाहुणे वाढले की हुमणात पाणी पडते. पंगत मात्र उठत नाही!

चालू वर्गात ही सोय तोकडी पडते. गुरुजींचे वाक्य आताच पोचावयास हवे. साठा करावयाचा कोठून? सुदैवाने चित्राच्या मानाने आवाजाचा भार फारच थोडा. त्या दिवसांत आम्ही प्रथम सर्वांना कॅमेरे बंद करावयास सांगत असू. आवाज तेवढा स्वच्छ पोचला, म्हणजे कवितेचा तास होऊन जाई.