हुकमत कुणाच्या बाजूची?
लोकप्रिय कादंबरी का वाचली जाते? : भाग सहावा

ई. एम. हल या इंग्रज लेखिकेची ‘द शेख’ ही कादंबरी 1919 साली आली. 1921 साली तिच्यावरचा मूकपट आला आणि रुडॉल्फ व्हॅलेंटिनो घराघरांत पोचला. वाळवंटातला धनाढ्य, हुकमी आणि शेवटी एकाच स्त्रीवर जीव ओवाळून टाकणारा नायक तेव्हापासून प्रेमकादंबऱ्यांत ठाण मांडून आहे. मिल्स अँड बून या प्रकाशनाच्या पुस्तकांत तो आजही भेटतो. इकडे खानदेशातलं पारोळा हे झाशीच्या राणी लक्ष्मीबाईचं माहेर म्हणून अभिमानाने सांगतात. स्वतः तलवार धरणारी नायिका ज्या मुलुखाने डोक्यावर घेतली, तिथल्या वाचक बाईलाही असा नायक का आवडावा? माझ्या मते तिला भुरळ पडते ती निव्वळ हुकमतीची नव्हे. ती हुकमत अखेर कुणाच्या बाजूने उभी राहते, याची भुरळ पडते.

यासाठी वाळवंटात जायची गरज नाही. रणजित देसाईंची ‘स्वामी’ 1962 साली आली, 1964 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि तिने मराठी घरांत कायमची जागा मिळवली. तिच्यातला माधवराव पेशवा दरबारात कडक, निजामाशी आणि हैदराशी झुंजणारा. पण पत्नी रमाबाईंसमोर तोच माणूस हळवा होतो. इतिहासातल्या माधवरावाने कर्तव्यात कसूर झाली म्हणून सख्ख्या मामाला, सरदार रास्त्यांना, दंड केला आणि आई गोपिकाबाई रागावल्या तरी तो माफ केला नाही. एकत्र कुटुंबात नांदणाऱ्या बाईला या करारीपणाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. तिच्या घरातला नवरा बहुधा दुष्ट नसतो, तो गप्प असतो. सासूचं, दिराचं, भावकीचं बोलणं खाली मान घालून ऐकून घेतो आणि एकांतात समजूत काढतो. कादंबरीतला शेख मात्र चारचौघांत सांगतो की ही माझी आहे, आणि त्याच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही. माया करणारे पुष्कळ असतात. आपली माया घराला मान्य करायला लावणारे थोडे.

दुसरं कारण विसाव्याचं आहे. जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासक बाईंनी एका शहरातल्या प्रेमकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांशी बोलून 1984 साली ग्रंथ लिहिला. दिवसभर दुसऱ्यांचं करणाऱ्या या बायका वाचनाचा वेळ आपला हक्काचा मानत होत्या, आणि नायिकेकडे बारकाईने लक्ष देणारा नायक त्यांना हवा होता. खानदेशात कळण्याच्या भाकरी थापून, शेतातल्या माणसांची जेवणं उरकून दुपारी पुस्तक हाती घेणाऱ्या बाईला हे सहज पटेल. आपल्याला काय हवं, हे कुणी न सांगता ओळखावं, ही अपेक्षा तिच्याही मनात असतेच. राणी लक्ष्मीबाई तिचा आदर्श आहे, पण आदर्श माणसाकडून कर्तव्य मागतो. प्रेमकथा घटकाभर ते उतरवून ठेवू देते. एकाच मनात दोन्हींना जागा असते.

यावर दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला असा, की हलच्या कादंबरीत नायक नायिकेला पळवून नेतो, तिच्यावर बळजबरी करतो आणि पुढे त्यालाच प्रेमाचं नाव मिळतं. याचं समर्थन होऊच शकत नाही. रॅडवेंच्या वाचकांनाही क्रूर नायक नकोसे होते. तरीही नायकाच्या तुसडेपणामागे प्रेमच दडलेलं असतं, असं वाचायची सवय या कथा लावतात, हा धोका खुद्द रॅडवेंनीच दाखवला आहे. दुसरा आक्षेप अरब माणसाच्या खोट्या चित्राचा. तोही खरा आहे. हलचा शेख शेवटी अरब निघतच नाही. तो इंग्रज उमरावाचा आणि स्पॅनिश बाईचा मुलगा ठरतो. म्हणजे लेखिकेला वाळवंट हवं होतं, तिथला माणूस नको होता. पण या दोन्ही दोषांमुळे वाचक बाईची भूक खोटी ठरत नाही. तिला हसण्याआधी ती भूक घरात का भागत नाही, हे विचारायला हवं.

या कथांत निष्ठा आणि हुकमत एकत्र बांधून येतात. प्रत्यक्षात त्यांची गाठ सोडवता येते. निष्ठा, लक्ष आणि चारचौघांतली साथ नवऱ्याकडे हक्काने मागावी. हुकमत त्याच्याकडे असण्याचं कारण नाही. ती बाईच्या हाती यावी यासाठी रस्ते निघाले आहेत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेत बायकोच्या नावावर जमीन करण्याचं आवाहन केलं. महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा वाटा दिला. पण कायद्याने दिलेला वाटा भावासाठी हक्कसोड करून परत दिला जात असेल, तर आपला शब्द चालवणारा माणूस बाई पुस्तकातच शोधणार. सातबाऱ्यावर जिचं नाव आहे, तिलाही शेख आवडेल. पण घरात आपला शब्द चालण्यासाठी तिला त्याची वाट पाहावी लागणार नाही.