काळ्या मातीचे पापुद्रे

वैशाखात अर्धापूरच्या शिवारातून फेरफटका मारला, तर काळ्या रानाला पडलेल्या भेगा नजरेतून सुटत नाहीत. काही भेगांत तर कोपरापर्यंत हात जावा. मृगाच्या सरी कोसळल्या की त्याच भेगा मिटतात, जमीन फुगते आणि पायाला चिकटू लागते. ओल धरून ठेवण्याच्या या गुणामुळे येथे केळी आणि हळद पिकते. घर बांधणाऱ्याला मात्र तीच माती नडते. तिच्या आकसण्या-फुगण्याने पाया हलतो आणि भिंतींना तडे जातात.

या दोन्ही गोष्टींचे मूळ एकाच खनिजवर्गात आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थर पसरले. त्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन काळी माती बनली. तिच्यात स्मेक्टाइट वर्गाची खनिजे विपुल असतात. फ्रान्समधील माँमोरियाँ या गावावरून नाव मिळालेले माँटमोरिलोनाइट हे त्यांपैकी प्रमुख होय.

या खनिजाची रचना चिरोट्यासारखी असते. पापुद्र्यावर पापुद्रा रचलेला, आणि प्रत्येक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग जाडीचा. पापुद्र्यातील काही ॲल्युमिनियमची जागा मॅग्नेशियमने घेतलेली असल्याने त्यावर ऋण विद्युतभार उरतो. तो भार फेडण्यासाठी दोन पापुद्र्यांच्या मध्ये सोडियम किंवा कॅल्शियमचे धनभारित कण बसतात. या फटीत पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी गेले की आकसते.

असे सर्व पापुद्रे सुटे करता आले, तर एक ग्रॅम मातीचे पृष्ठफळ सुमारे 750 चौरस मीटर, म्हणजे आठ हजार चौरस फूट भरते! हे पापुद्रे प्लास्टिकमध्ये विखुरले, तर थोड्याशा मातीने मोठे काम साधेल, हा विचार त्यातूनच पुढे आला. अडचण एवढीच की मातीला पाणी प्रिय आणि बहुतेक प्लास्टिकला पाण्याचे वावडे. दोन्ही नुसती एकत्र घोटली, तर मातीचे गठ्ठे तसेच राहतात.

येथे पुन्हा चिरोट्याचेच उदाहरण उपयोगी पडते. पोळ्यांमध्ये तुपाचा साटा लावला नाही, तर तळताना पापुद्रे सुटत नाहीत. मातीच्या बाबतीतही असाच साटा लागतो. प्रथम माती पाण्यात कालवून वाळू व खडे खाली बसू देतात. कॅल्शियमयुक्त मातीला सोड्याची प्रक्रिया देतात, कारण सोडियम असताना पापुद्रे पाण्यात अधिक सहज विलग होतात. मग त्या सोडियमच्या जागी लांब शेपटीचे सेंद्रिय अमोनियम कण बसवतात. त्यामुळे फट रुंदावते आणि माती प्लास्टिकशी जुळवून घेते.

जपानमधील टोयोटाच्या केंद्रीय संशोधन प्रयोगशाळेने 1980 च्या दशकात याहून पुढचे पाऊल टाकले. तेथील शास्त्रज्ञांनी नायलॉनचा कच्चा माल आधी फटीत शिरवला आणि नायलॉन तेथेच तयार होऊ दिले. वाढत्या साखळ्यांनी पापुद्रे आतून दूर लोटले. सुमारे पाच टक्के मातीने, भार असताना नायलॉन वाकू लागण्याचे तापमान 65 अंशांवरून 140 अंश सेल्सियसच्या पुढे गेले आणि ताठपणाही जवळपास दुप्पट झाला. पुढे मोटारीच्या इंजिनावरील पट्ट्याचे झाकण या द्रव्यापासून बनले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही पॉलिमर आणि माती यांच्या अशा मिश्रणांवर संशोधन झाले आहे.

व्यापारी कुटुंबांना यातील जवळचा भाग म्हणजे वेष्टन. फिल्ममध्ये पापुद्रे आडवे पसरले, तर हवेतील प्राणवायूला त्यांना वळसे घालत लांबची वाट काढावी लागते. त्यामुळे हळदपूड, मसाला, फरसाण असा माल अधिक काळ टिकू शकतो. आज हेच काम निरनिराळी प्लास्टिके आणि ॲल्युमिनियम यांचे थर एकत्र चिकटवून होते. ते थर वेगळे करणे अवघड असल्याने अशा पाकिटांचा पुनर्वापर फारसा होत नाही. 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी असा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादक आणि ब्रँडधारकांवरही टाकली आहे. स्वतःच्या नावाने माल भरून विकणाऱ्याला एकाच प्लास्टिकची, पण तितकीच राखण करणारी फिल्म मिळाली, तर हा भार हलका होईल.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. पिशव्यांच्या पॉलिथीनमध्ये पापुद्रे पूर्ण सुटे करणे नायलॉनपेक्षा कठीण आहे. सुमारे 200 अंशांपुढे तो सेंद्रिय साटाच विघटू लागतो. केळीसारखे फळ तोडल्यावरही श्वास घेते. त्याला हवाबंद केले तर ते आतल्या आत आंबेल. शिवारातील मातीही थेट कारखान्यात चालत नाही. तिच्यात चुनखडी, लोह व इतर खनिजे मिसळलेली असतात. या कामासाठी कच्छ आणि बाडमेर येथे सापडणाऱ्या बेंटोनाइटसारखी माती शुद्ध करून घेणे सोयीचे ठरते. अर्धापूरची माती शेतातच शोभते.

तेव्हा ‘नॅनो’ असे छापलेल्या मालाला जादा दर देण्यापूर्वी व्यापाऱ्याने पुरावा मागावा. क्ष-किरण तपासणीत थरांच्या रचनेची खूण उमटते. पापुद्रे सुटले की ती खूण नाहीशी होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात सुटे पापुद्रे प्रत्यक्ष दिसतात. एका तपासणीवर न विसंबता दोन्ही पाहाव्यात आणि प्राणवायू अडवण्याच्या चाचणीचे आकडेही मागावेत. पापुद्रे सुटले नसतील, तर त्या प्लास्टिकमध्ये केवळ माती मिसळलेली असते आणि तिचा दर मातीइतकाच असावा.